इवाईंचं नाक

नाकाचा उपयोग श्वास घेणं आणि चष्मा टेकवणं एवढाच, अशा समजुतीत मी पन्नाशी ओलांडली. आणि नाक सोडून माणसाचे बाकीचे अवयव उगाच जास्तीचे आहेत असं मानणारा अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यातला एकमेव गृहस्थ नेमका माझा व्याही निघाला. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. ते मला इवाई म्हणतात, मी त्यांना इवाई म्हणतो, त्यामुळे आम्ही दोघं एका खोलीत असलो की स्वयंपाकघरातल्या बायकांना कोण कोणाला हाका मारतंय ते कळत नाही. आलापल्लीच्या एका आरामशीनवर त्यांनी पस्तीस वर्षं लाकडं कापायचं मिस्त्रीकाम केलं. अंगकाठी बारीक, मिशी सागाच्या भुशाच्या रंगाची, आवाज अंगाच्या मानाने बम मोठा. आता असं सगळं सांगितल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे एखादं धारदार, राजबिंडं नाक उभं राहिलं असेल. तर तसं काही नाही. नाक अगदी साधं, जरा चापटच. रस्त्यात दिसलं तर कोणी वळून पाहणार नाही असं.

त्या नाकाची आणि माझी पहिली गाठ पडली ती मुलीला बघायला ते चंद्रपूरला आमच्या घरी आले तेव्हा. त्या सकाळी ऐन वेळी आमचा गॅस संपला होता. पाहुणे चौकात येऊन पोहोचले होते, म्हणून बायकोने शेजारच्या बाईंच्या अंगणातल्या चुलीवर, जिच्यावर त्या आंघोळीचं पाणी तापवतात, तिच्यावर घाईघाईने चहा करून आणला; आणि ही गोष्ट घराबाहेर जाता कामा नये अशी आम्हाला सक्त ताकीद दिली. मुलीने चहाचा ट्रे आणला. सगळ्यांनी कप उचलले, प्यायले, ठेवले. इवाई मात्र कप नाकाखाली धरून डोळे मिटून बसले ते बसलेच. माझी बायको दाराआडून मला खुणा करायला लागली. तिला वाटलं चहात केस निघाला. मला वाटलं माणूस बसल्या जागी झोपला. मग त्यांनी सावकाश डोळे उघडले आणि भरल्या बैठकीत विचारलं, "चुलीवरचा चहा आहे ना जी? पळसाची काडी जाळली वाटते." दाराआड भांडं पडल्याचा आवाज झाला. माझ्या मुलीला हसू आवरेना. ती ट्रे तोंडासमोर धरून इतकी हसली की मुलगा, जो तोवर आपल्या चपला बघत बसला होता, त्याने मान वर केली. लग्न तिथंच ठरलं म्हणायचं. इवाई दुसरा कप मागून घेत म्हणाले, "धुराचा चहा आजकाल भेटते कुठी!"

पुढे येणं-जाणं वाढलं तसे त्यांचे एकेक गुण कळत गेले. मशीनवर लठ्ठा चढला आणि पातं आत शिरलं की हे पुढे होऊन चिमूटभर भुसा उचलणार, दोन तळव्यांत चोळणार आणि नाकाशी नेणार. साग आहे की शिवण, की हळदू, हे तर कोणीही जुना मिस्त्री सांगेल; इवाई सांगणार, "हा नाल्यात पडून होता महिनाभर. याच्या अंगाले पाणी लागलं आहे." आवडलेला भुसा ते कागदाच्या पुडीत बांधून खिशात ठेवायचे, आणि फुरसतीत पुडी उघडून हुंगायचे. आमच्या भागात माणसाने खिशातून पुडी काढली की ती खर्‍याचीच, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूचीच असते, आणि खर्‍याची पुडी उघडली की शेजारच्याने हात पुढे करायचा असतो. एकदा मी आणि ते एसटीने येत होतो. यांनी हळदूच्या भुशाची पुडी उघडली. समोरच्या बाकावरच्या माणसाने न बोलता हात पुढे केला, चांगली मोठी चिमूट घेतली आणि तोंडात टाकली. इवाईंनी त्याला अडवलं नाही. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं तर ते कौतुकाने त्या माणसाच्या तोंडाकडे बघत होते. तो गृहस्थ दोन थांबे जाईपर्यंत चघळत राहिला. उतरताना म्हणाला, "सुपारी जरा जुनी दिसते, भाऊ."

आठवडी बाजारात ते पिशवी घेऊन जात आणि बहुतेकदा रिकामी घेऊन येत. मला एकदा बरोबर घेऊन गेले. ओल्या बांबूच्या नव्या टोपल्या रचलेल्या होत्या तिथे थांबले, नाक टोपलीत घालून उभे राहिले. सांबाराच्या ढिगापाशी थांबले. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, बाहेरच्यांसाठी सांगतो. सुकटीच्या पोत्यापाशी थांबले, तिथून लोक नाकाला पदर लावून पळत होते. सिरोंच्याकडून आलेल्या मिरच्यांच्या गंजीपाशी तर मुद्दाम वाकून दणदणीत शिंका काढल्या आणि डोळे पुसत तृप्त चेहऱ्याने वर आले. मिरच्या विकणारी बाई वैतागून म्हणाली, "घ्यायचं नाई तं हुंगता काऊन जी?" हे म्हणाले, "हुंगून कमी होते का बाई?" शाळा उघडायच्या दिवसांत वह्यापुस्तकांच्या दुकानात जाऊन नवी वही मधोमध उघडून तोंडावर धरायचा त्यांचा नेम होता. दुकानदाराने शेवटी त्यांच्यासाठी एक वही वेगळी काढून ठेवली. घरी येताना मला म्हणाले, "नाकाले तिकीट नाई लागत जी. तरी लोक फुकटचं सोडून जाते, पाहा."

हे लोक म्हणजे मी. मी एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होतो. पस्तीस वर्षं फायली हुंगल्या म्हणाल तर हुंगल्या, बाकी कशाचा वास घेतल्याचं आठवत नाही. बायको भाजी कशी झाली म्हणून विचारायची, मी "ठीक" म्हणायचो, आणि तिने पुन्हा विचारलं तर "ठीक आहे म्हटलं ना" असं जरा मोठ्याने म्हणायचो. निवृत्त झाल्यावर तर बोलायला कारणच उरलं नाही. कचेरीत निदान शिपायावर ओरडायची सोय होती. घरी कोणावर ओरडणार? सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा सकाळचाच पेपर. अशा माणसाच्या नाकाखाली हे इवाई भेटेल ती वस्तू आणून धरायचे. मोहाचं फूल, ओल्या गवताचा भारा, नातवाची टाळू. "वास घ्या जी, इवाई!" मी नात्याचा मान म्हणून श्वास ओढायचो आणि "हं" म्हणायचो. ते निकालाची वाट बघणाऱ्या पोराच्या चेहऱ्याने माझ्याकडे बघत राहायचे. "हं म्हणजे काय जी?" मी म्हणायचो, "आहे वास." त्यांचा चेहरा पडायचा. मला मनातून त्यांची दया यायची. मला वाटायचं, बिचाऱ्याला जन्मात दुसरं काही मिळालं नाही, म्हणून हा भुशात आणि सुकटीत सुख शोधतो. पाहा, किती शहाणा होतो मी!

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, ते एका लग्नाहून मोटरसायकलने परत येत होते. दिवस मावळायचा होता. रस्त्याच्या कडेच्या झुडपातून रानडुक्कर निघालं आणि सरळ चाकात आलं. डुक्कर उठून जंगलात निघून गेलं. इवाई पाठीवर पडले आणि डोकं मागून आपटलं. टाके पडले, दोन दिवस शुद्ध अर्धवट होती, म्हणून चंद्रपूरच्या दवाखान्यात आणलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खाटेजवळ बसलो होतो. नुकतीच फरशी पुसून झाली होती आणि फिनाइलचा असा भपकारा सुटला होता की माझ्यासारख्या माणसालाही रुमाल काढावा लागला. इवाई डोळे उघडे ठेवून पडले होते. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, "दवाखाना मोठा आहे, पण इथी फिनाइल मारत नाईत का जी?" विहीणबाई पायाशी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी उठून पिशवीतलं संत्रं सोललं आणि साल इवाईंच्या नाकाखाली पिळली. इवाई वाट पाहत राहिले. मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण उगाच धीर देणाऱ्यांतल्या नव्हत्या. म्हणाल्या, डोकं मागून आपटलं की वासाची नस दुखावते. कधी परत जुळते, कधी नाही. वर्षभरात आला वास तर आला, नाही आला तर मग आशा धरू नका. टाके सुकले, इवाई आलापल्लीला गेले. लोक भेटायला येत आणि जीव वाचला, बाकी काय पाहिजे, असं सांगून जात. खरंच आहे. हात शाबूत, पाय शाबूत, डोळे शाबूत. नाक गेलं म्हणून कोणी कोणाच्या घरी सांत्वनाला जात नाही. इवाईंनी तर ते बाहेर कोणाला कळूही दिलं नाही. मशीनवरच्या लोकांना फक्त डोकं दुखतं एवढंच सांगितलं आणि तिकडे जायचं बंद केलं.

जुलैत मुलीचा फोन आला. सासऱ्यांना ती मामाजी म्हणते. "बाबा, मामाजी जेवत नाहीत. माती खाल्ल्यासारखं लागते म्हणतात. पुड्यासुद्धा सगळ्या फेकून दिल्या. बोलतच नाहीत कोणाशी. तुम्ही येऊन जा ना." मी म्हटलं, "अगं, मी येऊन काय करू?" ती म्हणाली, "बसा नुसते. तुम्हाला येतं ते." बायको शेजारीच होती, तिने ऐकलं आणि ती हसली. मी दुसऱ्या दिवशी गेलो.

माणूस अर्धा झाला होता. मिशीसुद्धा बारीक झाल्यासारखी वाटली. आम्ही दोघं ओसरीत समोरासमोर बसलो. न बोलणं हे माझं क्षेत्र, पण त्या दिवशी ते मला जड गेलं. या घरात कोणी शांत बसलेलं मी पाहिलंच नव्हतं. विहीणबाईंनी ताटं वाढली. पावसाळा होता, वास्त्याची भाजी होती. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. इवाईंनी ताट पुढे ओढलं, एक घास घेतला आणि ताट हळूच बाजूला सरकवलं. विहीणबाई पाठ फिरवून आत गेल्या, त्यांचे खांदे हलत होते. मला काय झालं कोण जाणे, मी माझ्या ताटावर वाकलो आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा भाजीचा वास घेतला. म्हटलं, "इवाई, या भाजीला गोणपाटासारखा वास येतो."

आत भांडी घासायचा आवाज थांबला. मला वाटलं, संपलं, आता व्याहीपण तुटतं. पण इवाईंनी मान वर केली होती.

"ओल्या गोणपाटाचा का वाळल्या?"

मी पुन्हा हुंगलं. "भिजून वाळलेल्या."

"मंग बरोबर आहे. अजून काय आहे?"

"लसूण आहे."

"लसूण तं अंधळ्यालेबी दिसते जी. मांगून काय येते ते सांगा."

मी डोळे मिटले. कपाळाला घाम आला. कचेरीच्या तपासणीतही मला इतका घाम आला नव्हता. "मागून जरा... काकडी चिरल्यासारखं काहीतरी येतं," मी म्हणालो. त्यांनी ताट जवळ ओढलं, डोळे मिटले आणि एक घास घेतला, मग दुसरा घेतला. अर्धी भाकर खाल्ली त्यांनी त्या दिवशी. मी पुढच्या दोन दिवसांत त्या घरातल्या वरणापासून रॉकेलच्या बाटलीपर्यंत सगळं हुंगून सांगितलं.

मी चंद्रपूरला परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फोन वाजला. "जयभीम, इवाई. आज तुमच्या इथी काय वास आहे?" मी म्हटलं, "काही नाही." ते म्हणाले, "असं होतच नाई. बाहेर जा, पाहा. मी धरून आहे." आणि खरंच धरून बसले. मी अंगणात गेलो, उभा राहिलो, परत आलो. "दगडी कोळशाचा येतो." "तो तं तुमच्या गावाले रोजच येते. अजून?" "शेजारी कपडे वाळत घातलेत. साबणाचा." "कसा आहे?" "चांगला आहे." झालं, तिथं भडकले. "चांगला हा काई वास होय का इवाई? मी तुमाले पोरगी कशी आहे विचारलं का?" तेव्हापासून रोज आठला फोन. मी जुना सरकारी माणूस. दोन दिवस फजिती झाल्यावर कपाटातून कचेरीचं जुनं कोरं आवक रजिस्टर काढलं आणि आलेले वास लिहून ठेवायला लागलो. वासाचा प्रकार, कोठून आला, शेरा. 'पावसात भिजलेली कुलरची गवताची ताटी: पाण्यात पडलेल्या लाकडासारखा. शेरा: दुपारी कमी होतो.' 'कुकरची तिसरी शिट्टी: तुरीची डाळ, किंचित गोड.' 'इस्त्रीची गादी: करपण्याच्या आधी एक मिनिट फार छान.' फोनवर मी वाचून दाखवायचो आणि ते उलटतपासणी घ्यायचे.

घरात माझ्याविषयी काळजी सुरू झाली. मला उशीच्या अभ्र्यात तोंड खुपसून उभं असलेलं बायकोने पाहिलं. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी त्यांच्या कुंपणावरून वाकलेलं पाहिलं आणि बायकोला विचारलं, साहेबांची तब्येत बरी आहे ना. मी फोडणीच्या वेळी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहायला लागलो तेव्हा ती सुरुवातीला दचकली, कारण तीस वर्षांत मी तिथे फक्त पाणी प्यायला जात होतो. एक दिवस मी सहज म्हटलं, "आज जिरं नेहमीपेक्षा आधी घातलंस." तिच्या हातातला झारा तसाच राहिला. त्या दिवशी संध्याकाळी तिने मला न विचारता कांद्याची भजी केली.

सप्टेंबरात मी आलापल्लीला होतो तेव्हा विहाराच्या नव्या दरवाजाचा प्रश्न निघाला. वर्गणी जमवून सागाच्या पाट्या, म्हणजे फळ्या, मागवल्या होत्या. पाट्या आल्या, दिसायला सागाच्याच, पण एकदोघांना शंका आली, आणि शंका आली की गावात एकच नाक. चारपाच जण बोलवायला आले. इवाईंचा चेहरा पांढरा पडला. नाही म्हटलं तर काऊन विचारतील, हो म्हटलं तर उघडं पडेल. मला म्हणाले, "चला इवाई, तुमीबी." विहाराच्या अंगणात सगळे गोल उभे राहिले. इवाईंनी एका पाटीवर रंधा मारायला सांगितला, ढलपी उचलली, डोळे मिटून नाकाशी धरली, नेहमीसारखी मान डोलावली आणि ढलपी माझ्या हातात दिली. "आमचे इवाई चंद्रपूरचे आहेत, त्याहिलेबी पाहू द्या." मी वास घेतला. म्हटलं, "वरून पॉलिशचा आहे. पण आत... आत काही नाहीच. पाण्यासारखं आहे." इवाईंनी एक क्षणही घालवला नाही. "सागाचा, नव्या चपलेसारखा येते का?" "अजिबात नाही." मग ते सगळ्यांकडे वळून त्या मोठ्या आवाजात म्हणाले, "शिवण आहे गा! रंग मारून आणली." पाट्या आणणाऱ्याने थोडी कुरकुर केली आणि मग गाडीत परत भरल्या. घरी येताना इवाई रस्त्यातच थांबले, माझा हात धरला आणि म्हणाले, "दोन म्हताऱ्याचं मिळून एक नाक झालं, इवाई." हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही रडलो. आमच्या मागून एक बैलगाडी येऊन थांबली होती, गाडीवान बाजूला व्हा म्हणून सांगायलाही लाजला.

दिवाळी झाली, हिवाळा गेला. फोन सुरूच होता. डॉक्टरीणबाईंनी दिलेली मुदत संपत आली तसा मी फोनवर भीत भीत विचारायचो, "काही येतंय का हो?" ते म्हणायचे, "नाई जी. तुमी सांगा." मला रात्री जेवताना घास उतरायचा नाही. वर्ष पूर्ण झालं तेव्हा मी त्यांना भेटायला जायचं ठरवलं. दुपारच्या बसने येतो म्हणून कळवलं होतं, पण ओळखीच्या एकांची जीप तिकडे चालली होती, त्यामुळे सकाळी दहालाच पोहोचलो. जीप मागच्या बाजूला थांबली म्हणून मागच्या वाडीतूनच आत निघालो. आंब्याचे दिवस होते, घरात लोणच्याच्या मसाल्याची गडबड चालली होती. मी विहिरीजवळ आलो असेन नसेन, तोच ओसरीतून तो मोठा आवाज आला.

"बेटा, मेथी उतरव! जळून राह्यली!"

मी जागच्या जागी थांबलो. स्वयंपाकघर आणि ओसरी यांच्यात अख्खं माजघर आहे.

माझ्या मुलीचा आवाज आला, "हळू बोला मामाजी. आज बाबा येणार आहेत. आणि किती दिवस लपवणार आहात? दिवाळीपासून वास येतो तुम्हाला. तिकडे बाबा काळजीने वाळून चालले."

मग इवाई बोलले, त्यांच्या मानाने अगदी खालच्या, म्हणजे विहिरीपर्यंत येणाऱ्या आवाजात. "सांगीन गं. पण नाक आलं म्हणून सांगतलं, तं ते मले फोनवर काऊन काई सांगतीन? आता कुठी माणूस बोलायले लागला. तुही आईबी म्हणे, घर भरल्यावानी वाटते. राहू दे माह्यं नाक असंच अजून थोडे दिवस."

मी तिथे विहिरीच्या काठाला धरून उभा होतो. ज्याची मला दया यायची तो माणूस सहा महिने भरलेल्या घरात, भरलेल्या बाजारात, तोंडावर काही न दाखवता बसला होता, आणि रोज सकाळी आठला माझं ते सरकारी रजिस्टर कान देऊन ऐकत होता. मला इतकं भरून आलं की काय सांगू! मी आल्या पावली मागे फिरलो, वाडीला वळसा घालून समोरच्या बाजूने आलो आणि फाटकाची कडी चांगली जोरात वाजवली.

ओसरीत इवाई बाजेवर मान टाकून बसले होते. "या जी, या. लवकर आले! माह्यं काय, तसंच आहे. नाक काई येत नाई." मी बसलो, पाणी प्यायलो. ते म्हणाले, "सांगा बरं, घरात काय चालू आहे?"

मी डोळे मिटून लांब श्वास घेतला. मला जरा खोडी काढावीशी वाटली. "लोणच्याचा मसाला आहे. मोहरीची डाळ आहे, हिंग आहे. आणि मेथी. मेथी काय सुरेख खमंग तळली आहे हो, इवाई! एकदम नेमकी."

ते बाजेवरून उठलेच. "खमंग? अवो, कोळसा झाला ना जी तिचा!"

आत माझ्या मुलीने तोंडावर हात दाबल्याचं मला दारातून दिसलं. इवाई उभ्याचे तसेच राहिले. मग हळूहळू खाली बसले, खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली. माझ्याकडे बघेनात. मग जमिनीकडे बघतच म्हणाले, "मंग आता उद्यापासून फोन नाई करू का जी?"

मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. म्हटलं, "आठला नका करू. साडेसातला करा. आमच्याकडे चहा साडेसातला उकळतो."

आता साडेसातला येतो. अर्धा वेळ ते सांगतात, अर्धा वेळ मी. कधी पाचदहा मिनिटं उशीर झाला तर मी कपावर बशी झाकून ठेवतो आणि फोनकडे बघत बसतो. आमची दोघांचीही वयं झाली आहेत. चहा थोडा निवतो तेवढ्यात, पण फोन येतो.